दोन पिल्लं एकदम घरी आणायची? हो म्हणण्याआधी करायचा हिशोब

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक पावसाळा सरताना माजावर येतात आणि थंडीच्या तोंडावर वितात. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा गावठी पिल्लं दत्तक देण्याघेण्याचा खरा हंगाम. पार्किंगमध्ये, बांधकामाच्या साइटवर, चहाच्या टपरीमागे पाच-सहा पिल्लांचा घोळका दिसतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो : ‘दोघं भावंडं आहेत, एकमेकांशिवाय राहत नाहीत, जोडीनं नेलं तर फार बरं.’ ज्यांना एक पिल्लू हवं होतं, ते दोनाचा विचार करू लागतात.

बहुतेक घरांसाठी याचं उत्तर ‘नको’ असंच आहे. आत्ता एक आणा, दुसरं हवंच असेल तर वर्ष-दीड वर्षानं आणा. काही घरांना मात्र दोन पिल्लं एकदम जमतात. तुमचं घर त्यातलं आहे का, हे मायेवर न सोडता हिशोबानं कसं ठरवायचं, ते पुढे दिलं आहे. उदाहरण घेतलं आहे ते शहरातल्या फ्लॅटचं आणि दोन गावठी पिल्लांचं, कारण प्रश्न सर्वांत जास्त तिथंच येतो.

‘एकाला एक सोबत होईल’

दोन आणण्यामागे नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं. घरातले सगळे कामाला जातात, पिल्लू एकटं पडेल, मग दोन असली की एकमेकांत रमतील. कारण चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. ती एकमेकांत रमतात हे खरं, आणि गोची तिथंच होते.

पिल्लू साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच्या काळात जग ओळखायला शिकतं. माणसं, आवाज, फरशी, जिना, लिफ्ट, सायकल, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री, प्रेशर कुकरची शिटी हे सगळं या काळात शांतपणे भेटलं तर पुढे त्याची भीती बसत नाही. तुम्ही आठव्या आठवड्यात पिल्लू घरी आणता तेव्हा यातला निम्मा काळ सरलेला असतो. उरलेल्या पाच-सहा आठवड्यांत एकटं पिल्लू घाबरलं की तुमच्याकडे बघतं. तुमच्याकडून धीर घेतं, खाऊ मिळवतं, तुमचा आवाज ऐकायला शिकतं. सोबत भावंड असेल तर ते भावंडाकडे बघतं. तुम्ही जेवण देणारे आणि दार उघडणारे एवढेच उरता.

याचा परिणाम सहा-आठ महिन्यांनी दिसतो. एकाला डॉक्टरकडे नेलं तर दुसरं घरी ओरडून मजला डोक्यावर घेतं. एकटं असताना पट्ट्यावर चालत नाही, खात नाही, अनोळखी माणसाला भुंकतं. दोघं सोबत असली की हाक ऐकू येत नाही. एक धीट होत जातं, दुसरं त्याच्या आडोशाला राहून आणखी भित्रं होतं. प्रशिक्षक याला ‘लिटरमेट सिंड्रोम’ म्हणतात (लिटरमेट म्हणजे एकाच वेळी जन्मलेली भावंडं). हे डॉक्टरी निदान नाही, प्रत्येक जोडीला होतंच असंही नाही, आणि त्यावर भक्कम संशोधनही थोडंच आहे. पण हा सगळा प्रकार टाळण्याचा मार्ग ठरलेला आहे : दोघांना रोज, वेगवेगळं वाढवणं. नावात भावंडं असली तरी याचा रक्ताशी संबंध नाही. दोन वेगळ्या ठिकाणची, दोन-तीन आठवड्यांच्या फरकाची पिल्लं एकत्र आणली तरी तोच धोका असतो.

म्हणजे ‘मला वेळ नाही म्हणून दोन आणतो’ हे गणित उलटं आहे. वेळ नसेल तर एकसुद्धा पिल्लू नको. वर्ष-दोन वर्षांचा, घरात राहायची सवय असलेला मोठा कुत्रा बघा.

तासांचा हिशोब

कागद घ्या आणि पहिल्या तीन महिन्यांचा एक साधा कामाचा दिवस लिहा, रविवार नव्हे.

शी-शू हा सर्वांत मोठा खर्च. दोन महिन्यांचं पिल्लू जागं असताना दर दीड-दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं. शिवाय झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर, खेळून झाल्यावर लगेच. दिवसाच्या दहा-बारा फेऱ्या, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे एकाचा तास. सुरुवातीला दोघांना एकत्र नेऊन चालत नाही, कारण ती तिथं शू करायची सोडून एकमेकांचे कान ओढत बसतात आणि घरात येऊन गालिच्यावर काम उरकतात. म्हणून दोन तास धरा. जेवण चार वेळा, वेगवेगळ्या खोल्यांत, भांडी उचलेपर्यंत समोर बसून : एक तास. शिकवणी प्रत्येकाची पाच-पाच मिनिटांची तीन वेळा : अर्धा तास. प्रत्येकाला एकट्यानं कडेवर किंवा पट्ट्यावर वीस मिनिटं बाहेर : चाळीस मिनिटं. पुसापुशी आणि धुणं : अर्ध्या तासाहून जास्तच. बेरीज साडेचार-पाच तासांवर जाते. यात दोघांसोबत नुसतं खेळणं धरलेलंच नाही.

पिल्लं दिवसाला अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे हे अशक्य नाही. अडचण अशी की हे पाच तास सलग मिळत नाहीत. दिवसभर तुकड्यातुकड्यानं द्यावे लागतात आणि त्यातले दोन-तीन तुकडे मध्यरात्री येतात. शू किती वेळ धरू शकेल याचा ढोबळ अंदाज म्हणजे वय जितके महिने त्यात एक मिळवायचा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, तेही झोपेत.

आणण्याआधी एक रंगीत तालीम करा. आठवडाभर रात्री अकरा, दोन आणि पाचचा गजर लावा. प्रत्येक गजराला उठून चप्पल घाला, जिथं पिल्लाला न्यायचं ठरवलं आहे तिथं जा, पाच मिनिटं थांबा, वर या, आणि पुन्हा एकदा जा. दुसरी खेप दुसऱ्या पिल्लाची. तिसऱ्या रात्री घरातलं कोण उठतंय आणि कोण पांघरुणात तोंड खुपसून झोपलंय, ते बघा. पहिले तीन महिने घरात रोज किमान दोन मोठी माणसं या कामाला हवीत. एकट्या माणसानं दोन पिल्लं काढण्याच्या भानगडीत पडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. शाळेतली मुलं यात धरू नका, ती कितीही शपथा घेवोत.

घर, सोसायटी, घरमालक

जागेचा प्रश्न चौरस फुटांपेक्षा दारांचा आहे. दोघांना वेगळं ठेवता येतील अशा, दार बंद होणाऱ्या दोन जागा हव्यात. टू बीएचके पुरतं. वन रूम किचनमध्ये मात्र दोघं चोवीस तास एकमेकांच्या नजरेसमोर आणि वासात राहतात. तिथं दोन आणूच नका. बाल्कनी ही ‘दुसरी खोली’ होत नाही, एप्रिलच्या दुपारी तर नाहीच. गजांमधून पिल्लाचं डोकं जात असेल तर खालचे दोन फूट जाळी लावावी लागते.

सोसायटी पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी घालू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये तशी मार्गदर्शक सूचना काढलेली आहे, आणि लिफ्टबंदीसारखे नियमही त्यात बसत नाहीत. मात्र लसीकरण, नसबंदी, शी उचलणं आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ न देणं ही तुमची बाजू आहे. प्राण्यांच्या जननदर नियंत्रणाचे २०२३ चे नियमही पाळीव कुत्र्याच्या लसीची आणि नसबंदीची जबाबदारी मालकावरच टाकतात. पुणे-मुंबईसारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना लागतो, दोन कुत्र्यांचे दोन. एका घरात किती कुत्रे चालतात, हे तुमच्या पालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागात आधीच विचारा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं ‘हो’ करारात लिहून घ्या, आणि ते ‘दोन कुत्रे’ अशा शब्दांत. तोंडी ‘एखादं असू दे’ म्हणणारा मालक वीस-वीस किलोचे दोन बघून शब्द फिरवतो आणि दोन कुत्र्यांसकट नवं घर शोधणं एकापेक्षा फारच अवघड जातं.

गावठी पिल्लू दोन महिन्यांचं असताना तीन-चार किलोचं असतं. वर्षभरात ते पंधरा ते पंचवीस किलोचं होतं. फोटोत दिसणारे दोन कापसाचे गोळे पुढच्या दिवाळीला मिळून चाळीस किलो भरतील, हे डोळ्यांपुढे ठेवा.

पैसे

रुपयांचे आकडे शहरानुसार आणि दवाखान्यानुसार बदलतात, म्हणून प्रमाणं देतो. भाव तुमच्या भागातले घाला.

चार किलोच्या, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. कोरडं पपी फूड घेतलं तर हे दीडशे ग्रॅमच्या आसपास जातं, चार वेळांत विभागून. नेमकं प्रमाण पाकिटावरच्या तक्त्यातून घ्या. वीस किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला सुमारे १०५० किलोकॅलरी, म्हणजे जवळपास तीनशे ग्रॅम कोरडं खाणं लागतं. दोघांचं मिळून रोज सहाशे ग्रॅम, महिन्याला अठरा किलो. किलोच्या भावाला अठरानं गुणा, आणि तो आकडा बारा-पंधरा वर्षं द्यायचा आहे हे लक्षात घ्या. घरचं शिजवणार असाल तर नुसता भात आणि चिकन वाढत्या पिल्लाला कॅल्शियमच्या दृष्टीनं अपुरं पडतं. डॉक्टरकडून आहार लिहून घ्या. दूध-पोळी आणि ग्लुकोज बिस्किटं हा आहार नव्हे. दुधानं बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात.

पहिल्या वर्षाचा दवाखाना असा : पार्वो, डिस्टेंपर आणि लेप्टो या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लशीचं एकत्र इंजेक्शन सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीज आणि डॉक्टर सांगतील तसा त्याचा बूस्टर. जंतांचं औषध तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, दर वेळी वजन करून. गोचीड-पिसवांचं औषध नियमित. नसबंदी. हे सगळं गुणिले दोन. याखेरीज एक अडीनडीची रक्कम वेगळी ठेवा, एका पिल्लाच्या पाच-सहा दिवसांच्या सलाइनच्या खर्चाएवढी नव्हे, दोघांच्या. का, ते पुढे पार्वोच्या भागात येईल.

गावाला जाण्याचा खर्च लोक हमखास विसरतात. बोर्डिंगवाले दर कुत्र्यामागे पैसे घेतात. रेल्वेत कुत्रा सोबत डब्यात न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ‘चार दिवस सांभाळ गं’ म्हटल्यावर एका कुत्र्याला हो म्हणणारी बहीण दोघांना हो म्हणेल का, हे आजच फोन करून विचारा.

कोणती दोन

इथवर सगळं जमत असेल तर निवडीकडे या. पिल्लं आठ आठवड्यांची झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. आई नसेल किंवा जागा फारच धोक्याची असेल आणि पिल्लं चार-पाच आठवड्यांचीच असतील, तर आठव्या आठवड्यापर्यंत भावंडं एकत्रच राहिलेली बरी. एकमेकांना चावताना किती जोर लावायचा हे ती तेव्हाच शिकतात. अशा वेळी दोन्ही तात्पुरती सांभाळायची आणि नंतर एक ठेवायचं, दुसऱ्याला घर शोधायचं, हा चांगला मार्ग आहे.

निवडताना दोघांना एकत्र बघून काहीच कळत नाही. एकेकाला घोळक्यापासून वीस-पंचवीस पावलं लांब, भावंडं दिसणार नाहीत अशा जागी न्या आणि जमिनीवर बसा. पाच मिनिटं काही करू नका. पिल्लू थोडं कुईकुई करून तुमच्याकडे येतं का, वास घेतं का, उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला तर खातं का, ते बघा. मग पाच-सहा फुटांवर स्टीलची वाटी गुडघ्याच्या उंचीवरून पडू द्या. दचकणं साहजिक आहे. दचकून अर्ध्या-एक मिनिटात परत वाटीकडे किंवा तुमच्याकडे आलं तर उत्तम. कोपऱ्यात चिकटून थिजलं, चिकनकडेही बघेना, आणि भावंड आणून सोडल्याबरोबर शेपटी हलवू लागलं, तर हे पिल्लू जोडीनं नेऊ नका. लोकांना नेमकी याच्याबद्दल कणव येते आणि ‘याला भावाची गरज आहे’ म्हणून दोन्ही नेली जातात. त्याला गरज असते ती शांत घराची, जिथं ते एकटं असेल आणि माणसावर विसंबायला शिकेल. शक्य झालं तर ही चाचणी दोन वेगळ्या दिवशी करा. नुकतंच जेवलेलं, झोपाळलेलं पिल्लू भलतंच शांत वाटतं.

सगळ्यांत धीट आणि सगळ्यांत भित्रं अशी जोडी नको. दोन मधल्या स्वभावाची घ्या. एक नर आणि एक मादी ही जोडी पुढच्या भांडणांच्या दृष्टीनं सर्वांत सोपी. दोन माद्या, एकाच वयाच्या, ही सर्वांत जोखमीची. त्यांची भांडणं उशिरा सुरू होतात, पण लागली की मिटत नाहीत.

रेस्क्यू करणाऱ्यांनी ‘दोन्ही किंवा एकही नाही’ अशी अट घातली तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांच्याकडे पिल्लं जास्त आणि घरं कमी असतात, त्यांची घाई समजण्यासारखी आहे. पण ती तुमच्या निर्णयाचं कारण होऊ शकत नाही. चौदा दिवस सांभाळून बघण्याची मुभा मागा, आणि नाही जमलं तर एक पिल्लू त्यांच्याकडे परत येईल हे मेसेजवर लिहून घ्या. नंतर रस्त्यावर सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

आणलीच तर : पहिले बारा आठवडे

सुरुवात नावांपासून. चिंटू-पिंटू, सोनी-मोनी असली जोडनावं आपल्याला फार आवडतात आणि पिल्लांचा त्यानं पार गोंधळ उडतो. दोन नावांचा पहिला आवाज आणि शेवट दोन्ही वेगळे ठेवा : वाघ्या आणि चिमी. दोघांना एकदम बोलावण्यासाठी तिसरा शब्द ठरवा. ‘मंडळी’ म्हणा, ‘पोरांनो’ म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

दोन क्रेट, म्हणजे कुत्र्याला झोपायचे दार असलेले पिंजरे, घ्या. मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याला पुढे छत्तीस इंची क्रेट लागतो. तोच आत्ता घेऊन पार्टिशन लावलं की पैसे वाचतात. पहिले दोन-तीन दिवस क्रेट तुमच्या पलंगाजवळ शेजारी शेजारी, मध्ये वीतभर अंतर. मग तीन-चार फूट. मग मध्ये जुनी चादर टांगा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी खोलीच्या दोन टोकांना, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन खोल्यांत, एकाजवळ एक माणूस आणि दुसऱ्याजवळ दुसरा. कोण कुणाजवळ झोपतो हे दर दोन-तीन दिवसांनी बदला. नाहीतर ‘हा बाबांचा कुत्रा, ही आईची’ अशी वाटणी होते, आणि बाबा दौऱ्यावर गेले की त्यांचा कुत्रा जेवण सोडतो.

एकटं राहण्याचा सराव घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो. एकाला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी द्या : पोकळ रबरी खेळण्यात दह्यात कालवलेलं त्याचंच खाणं भरून फ्रीजरला गोठवलेलं असलं की दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. दुसऱ्याला घेऊन दोन मिनिटं बाहेर थांबा आणि परत या. मग पाच, दहा, वीस, चाळीस. गुपित एकच : ओरडायला लागायच्या आत परत यायचं. ओरडल्यावर दार उघडलंत तर ओरडल्यानं दार उघडतं हे ते शिकतं. ओरडू देत तासभर ठेवलंत तर एकटेपणाची भीती बसते. दोन्ही टाळायची तर वेळ त्याच्या सहनशक्तीपेक्षा कमीच ठेवायची. जुना मोबाइल खोलीत ठेवून व्हिडिओ घ्या. आपण गेल्यावर पहिलं मिनिट काय होतं त्यावर पुढचा आकडा ठरतो. दाराकडे बघून मग चघळायला लागलं तर वाढवा, खाऊ तसाच टाकून दाराशी उभं राहिलं तर निम्म्यावर या. महिन्याच्या शेवटी प्रत्येक पिल्लू दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास दुसऱ्याशिवाय निवांत राहिलं पाहिजे.

शिकवणी वेगळी. नाव, ‘ये’, ‘बस’, ‘सोड’ हे आधी एकेकट्याला. दहापैकी आठ वेळा पहिल्या हाकेला आलं की मगच दोघांसमोर. फिरायला नेतानाही आधी एकेकटं, आणि दोन माणसं दोन वेगळ्या दिशांना. एका पट्ट्याला दोन हुक असलेली जोडसाखळी पहिलं वर्षभर विकत घेऊ नका. एकत्र खेळ अर्थातच हवा, दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं. सतत एकच खाली दबलेलं दिसलं तर वरच्याला उचला. खालचं पुन्हा खेळायला गेलं तर ठीक, लपलं तर खेळ संपला.

लशींचे डोस पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या मातीत, इतर कुत्री हगतात तिथं खाली सोडू नका. म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर, पिशवीत, गाडीत बसवून बाजार, बसस्टॉप, शाळा सुटतानाचा फाटक दाखवा. एका वेळी एकच पिल्लू. दिवाळीच्या आठवड्यात नवी पिल्लं आणू नका. फटाक्यांना एक घाबरलं की दुसरं त्याच्याकडून घाबरायला शिकतं.

एक आजारी पडलं की

सकाळी फरशीवर पातळ शी दिसते. कुणाची? दोन पिल्लांच्या घरात हा रोजचा प्रश्न असतो. आठवडाभर एकाच्याच जेवणात चमचाभर किसलेलं गाजर मिसळा. ते पचत नाही, केशरी तुकडे तसेच बाहेर येतात आणि कोणती शी कुणाची हे लगेच कळतं.

जेवण सोडलं, उलट्या सुरू झाल्या, शी पाण्यासारखी किंवा रक्ताची झाली की वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर, आणि दोघांना घेऊन. पार्वो विष्ठेतून पसरतो, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे एकाला दिसेपर्यंत दुसऱ्याला लागण झालेलीच धरायची. फिनाइलनं पार्वोचा विषाणू मरत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढा, मग साधं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं मिश्रण दहा मिनिटं फरशीवर राहू द्या, मग धुवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात हल्लीच पार्वो होऊन गेला असेल तर विषाणू महिनोन्महिने टिकतो. लस न झालेली पिल्लं त्या घरात आणायचीच नाहीत.

आणखी एक, कुणी गांभीर्यानं घेत नाही असं. रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लानं खेळताना दात लावून रक्त काढलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. ‘पिल्लूच तर आहे’ यावर विसंबू नका. दोन पिल्लांच्या आठ पंजांत आणि टाचणीसारख्या दुधाच्या दातांत मुलांना ओरखडे येणारच.

नसबंदी आणि भांडणं

मादी सहाव्या महिन्यापासून कधीही माजावर येऊ शकते. सख्खा भाऊ आहे म्हणून कुत्रे थांबत नाहीत. त्रेसष्ट दिवसांनी घरात पिल्लं होतात. पाचवा महिना संपताना डॉक्टरशी बोलून तारखा घ्या. दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी नको, टाके असलेली आणि ते चाटू नयेत म्हणून गळ्यात मोठी कॉलर घातलेली दोन कुत्री एकमेकांना स्वस्थ बसू देत नाहीत. किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. नराचं ऑपरेशन झालं तरी पुढचे चार-सहा आठवडे त्याच्याकडून गर्भधारणा होऊ शकते. त्या काळात बहीण माजावर आली तर बंद दारांआड वेगळं ठेवायचं.

भांडणं बहुधा वर्षाच्या पुढेमागे सुरू होतात : जेवण, हाड, पलंग, दाराची चौकट आणि तुम्ही यांवरून. जेवण कायम वेगळं असेल तर निम्मी कारणं उरतच नाहीत. गुरगुरण्यावर ओरडू नका, ती सूचना आहे. ती बंद पडली की कुत्रा थेट चावतो. झुंज लागली तर मध्ये हात घालू नका. मध्ये पुठ्ठा किंवा ट्रे सरकवा, पाणी ओता, आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत दोन-तीन तास सोडा. रक्त निघेल अशी दोन भांडणं झाली तर वर्तनाची जाण असलेल्या व्हेटला दाखवा. ‘आपापसात मिटवतील’ हा सल्ला त्यानंतर उपयोगाचा नाही.

थांबायचं कधी

चौदाव्या दिवशी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. प्रत्येक पिल्लू दुसऱ्याशिवाय दहा मिनिटं शांत राहतं का? एकटं असताना तुमच्या हातून खातं आणि नावाला बघतं का? गेल्या सात दिवसांत वेगळी फेरी आणि वेगळी शिकवणी किमान पाच दिवस झाली का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोघांत सुधारणा होणार नाही, कारण काम पिल्लांचं नसून घरच्यांचं राहिलं आहे. एकाला घर शोधा, आणि लवकर. दहा आठवड्यांच्या पिल्लाला घर मिळतं, दहा महिन्यांच्या भित्र्या कुत्र्याला शोधत बसावं लागतं. कुणाला ठेवायचं? ज्याला एकटं राहणं जास्त जमतंय त्याला बाहेर द्या असं वाटेल, पण बघायचं ते नवं घर कसं आहे. तिथं शांतता आणि अनुभव असेल तर भित्रंही तिथं जास्त खुलेल.

भावंड त्याच सोसायटीत किंवा पेठेत गेलं तर उत्तमच. तीन-चार आठवडे दोघांना आपापल्या घरी रुळू द्या. दोघांचे डोस पूर्ण झाल्यावर आठवड्यातून एकदा मोकळ्या, कुंपण असलेल्या जागी भेटवा, आणि तिथून निघताना वेगवेगळ्या गेटनं न्या. तुमच्या घरातलं दुसरं कुत्रं त्यानंतरचं, पहिलं दीडेक वर्षाचं झाल्यावर. तेव्हा पहिलं हाकेला येत असेल, चार तास घरी एकटं राहत असेल आणि रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं तरी पट्टा सैल ठेवून चालत असेल, तर आणायला हरकत नाही.